सोबतीचा दगड

ड्रायरमध्ये काहीतरी टक् करून वाजलं, आणि दुपारची शांतता मोडली.

कांचननं पेन्सिल हवेतच धरली. आतल्या खोलीत सुलेखा नुकतीच झोपली होती. साडेचार वर्षांची पोर. तिला झोपवायला दोन गोष्टी, एक गाणं आणि पाठीवर शंभर थापट्या लागायच्या, आणि जागं व्हायला बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज पुरायचा. टक्. पुन्हा टक्. कपड्यांबरोबर काहीतरी गोल वर जात होतं आणि खाली पडत होतं, अगदी ठरलेल्या अंतरानं. कोणी दार वाजवावं, पण घाई नसावी, तसं.

ती पावलं न वाजवता गेली, ड्रायर थांबवला. नवऱ्याच्या, चारूच्या खाकी पँटच्या बाजूच्या मोठ्या खिशातून दगड निघाला. कोंबडीच्या अंड्याहून थोडा मोठा, राखाडी, पोटाभोवती एक पांढरी रेघ, आणि हातात धरवत नव्हता इतका गरम. तिनं तो टॉवेलात गुंडाळून ओट्यामागच्या खिडकीत ठेवला आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

झोपेचे दीड तास हेच तिचे. त्यातला पाव तास गेला होता.

साल शहाऐंशी, महिना जून. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूत जूनचा उन्हाळा कॅलेंडरातच असतो. बाहेर भुरभुर चालूच होती. जेवणाच्या टेबलावर महिनाभर कोणी जेवलं नव्हतं. टेबलभर नकाशे होते. लँटर्न स्पायर नावाचा तो सुळका असा आडमुठा की नेमका चार नकाशांच्या कोपऱ्यात येत होता, म्हणून चारही कागद पारदर्शक चिकटपट्टीनं जोडून घ्यावे लागले होते. सुळक्यापेक्षा सुळक्यापर्यंतची वाट वाईट. पहिले चार मैल पायवाट, मग पायवाट संपते. पुढे सात मैल नुसती झाडी, खाली झोपलेल्या आल्डरच्या फांद्या, माणसाच्या उंचीची काटेरी झुडपं, एक नदी जी पडलेल्या सीडरच्या ओंडक्यावरून ओलांडायची, मग दगडांचा ढिगारा, मग बर्फ. दीड दिवस चालल्यावर कातळाला पहिला हात लागणार. तिथून दोराच्या नऊ लांबी सरळ वर.

चारुदत्त विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. हिशेबी माणूस, पण स्वतःच्या सुटीचा हिशेब त्याला कधी जमला नाही. मोहीम त्याची, आखणी कांचनची. पुण्यात कॉलेजच्या क्लबात ती त्याच्याहून सरस चढायची, हे चारू स्वतःच सगळ्यांना सांगायचा. लिंगाण्यावर तो घाबरून कपारीत अडकला होता तेव्हा वरून दोर टाकणारी हीच. पुढे लग्न, अमेरिका, सुलेखा. पाच वर्षांत कांचनच्या हाताला कातळ लागला नव्हता.

या ऑगस्टमध्ये लागणार होता. चारू, त्याचा मित्र श्रीरंग, ऑफिसातला डग आणि कांचन, चौघं. सुलेखाला चार दिवस ओळखीच्या सुलभाकाकू सांभाळणार होत्या. कांचन रोज वीस पौंडांची तांदळाची पिशवी पाठीला लावून मागच्या पायऱ्या पन्नास वेळा चढायची उतरायची, आणि सुलेखा खाली बसून मोजायची. मोजताना पंधरा नेहमी विसरायची, त्यामुळे एकावन्न व्हायच्या.

संध्याकाळी चारू आला तेव्हा तिनं विचारलं, "अरे, दगड कशाला आणलास?"

"कसला दगड?"

"खाकी पँटमध्ये होता. गेल्या आठवड्यात वाटेची पाहणी करायला गेला होतात तेव्हा घेतला असशील."

"मी? एका औंसावरून तू आमचे जीव खातेस, आणि मी दगड उचलून आणीन?" त्यानं तो हातात घेतला. "नदीत पडलो होतो, तेव्हा गेला असेल खिशात. अजून गरम आहे गं."

दगड ऊब धरून ठेवतो, यात नवल नाही. कांचननं दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. त्या दिवसांत ती दिसेल ते काट्यावर ठेवायची. साडेसहा औंस.

सुलेखानं तो आपल्या बाहुलीच्या पलंगावर निजवला.

जुलैच्या मध्याला सुलभाकाकूंचा फोन आला. "कांचन, अगं कसं सांगू तुला. आयसेलिनहून विनीताचा फोन होता. डॉक्टरांनी तिला आतापासून बेडरेस्ट सांगितलीय. मला जायलाच हवं गं. पहिलं बाळंतपण लेकीचं."

"जा काकू. जायलाच हवं."

"तुझं गिर्यारोहण राहिलं गं माझ्यामुळे."

"काही नाही हो. डोंगर कुठे पळून जातोय?"

फोन ठेवून ती सिंकचा नळ सोडून थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. नळाच्या आवाजात बाकीचं ऐकू जात नाही. मग तोंड पुसलं आणि टेबलाशी जाऊन नवं कार्ड घेतलं.

जुनं कार्ड पिवळं होतं, चौघांचं. दोन दोर, प्रत्येकावर दोघं. पहाटे पाचला तळावरून निघायचं, सातला भिंतीशी, एकला माथा, पाचला परत पायथ्याशी. नवं पांढरं कार्ड तिघांचं. तिघं एका दोरावर म्हणजे प्रत्येक लांबीला दीडपटीहून जास्त वेळ. माथ्यावर पावणेपाच, पायथ्याशी नऊ वाजून जाणार. शेवटचं उतरणं अंधारात. तिनं तीनदा गणित केलं. तीनदा तेच आलं.

"पुढच्या वर्षी जा," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी श्रीरंग कुठे असेल इथे? सप्टेंबरात श्रूजबरीला चाललाय तो." चारूनं तिचा हात धरला. "हवा चांगली असेल तर हेडलॅम्प लावून उतरू गं. आणि हवा बिघडली तर चढायचंच नाही. प्रॉमिस."

"चौथा कोणी बघा मग."

"एवढ्या थोड्या दिवसांत कोण मिळणार? आणि मिळाला तरी तुझ्यासारखा चढणारा मिळणार नाही." हे त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं. म्हणून जास्त लागलं.

जंगलखात्याच्या चौकीत देण्याच्या फॉर्मवर तिनं चार नावं महिनाभरापूर्वीच लिहिली होती. चौथं पेन्सिलीनं. आता खोडायचं होतं. खोडरबर हातात घेतलं, ठेवलं. राहू दे, नंतर खोडू.

जायच्या आधीच्या रविवारी श्रीरंग आणि डग सामान वाटून घ्यायला आले. बैठकीच्या खोलीत दोर, हातोड्या, सुक्या मेव्याच्या पिशव्या असा पसारा. सुलेखा त्यातून बेडकासारख्या उड्या मारत होती. कांचननं तिन्ही टूथब्रशांचे दांडे अर्ध्यावर कापले होते.

"वहिनी, यार, माझे अर्धे दातही ठेवून घ्या," श्रीरंग म्हणाला. "वजन वाचेल."

ती हसली आणि बाहुलीच्या पलंगावरचा दगड आणून चारूच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

"हे काय?"

"तिघं चाललात. तीन माणसांनी असं बाहेर पडू नये. चौथा म्हणून दगड घ्यायचा, एवढंच."

"कांचन, आपण अमेरिकेत आहोत."

"मग? अमेरिकेत तीन म्हणजे तीन नसतात का?"

श्रीरंगनं लगेच हात जोडले. "असू दे रे चारू. माझी आजी तर तीन पोळ्या वाढायच्या झाल्या तरी चौथा तुकडा ठेवायची. द्या वहिनी, मी वाहतो तुमच्या चौथ्याला."

डगनं विचारलं काय चाललंय. चारूनं इंग्रजीत समजावलं. डगनं दगड तळहातावर तोलला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, टूथब्रश कापणारी बाई अर्ध्या पौंडाचा दगड देते आहे. तेव्हा तो नक्की उत्तम चढत असणार.

अर्धा पौंड नाही, साडेसहा औंस, असं म्हणत कांचननं सवयीनं दगड काट्यावर ठेवला. आठ औंस. तिनं काट्यावर लोण्याची चार औंसांची कांडी ठेवून पाहिली. काटा बरोबर चारवर थांबला. पुन्हा दगड ठेवला. आठ.

जूनमध्ये वाचताना चुकलं असेल.

तेवढ्यात सुलेखानं भोकाड पसरलं. "नो! तो माझा आहे! ही इज स्लीपी!"

कांचननं तिला उचलून घेतलं. "अगं, तो बाबाबरोबर फिरायला चाललाय. येईल परत."

"त्याला एकट्याला भीती वाटेल."

"नाही वाटत त्याला."

"त्याचं नाव काय?"

पोर हमसत होती, नाक वाहत होतं, तिघं पुरुष थांबून बघत होते. कांचननं तिचं नाक पदराच्या टोकानं पुसलं आणि मनात आलं ते बोलली. "त्याचं नाही, तिचं. तिचं नाव कांचन. आईच आहे ती. एक आई बाबाबरोबर जाणार, एक आई सुलूजवळ राहणार. झालं?"

सुलेखा थांबली. विचार केला. "ओके," म्हणाली.

फॉर्मवरचं चौथं नाव तसंच राहिलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिनं ते पेनानं गिरवलं. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी तिघं निघाले. तिनं प्रत्येकाच्या हातावर दही घातलं. डगनं तिसऱ्यांदा मागून घेतलं. "येतो," चारू म्हणाला. गाडी वळली.

घरात ती आणि सुलेखा. कांचनला गाडी चालवता येत होती, पण गाडी गेलेली. जायचं तरी कुठे होतं? नकाशावर तिनं टाचणी लावली होती आणि सुलेखा झोपली की पांढऱ्या कार्डाप्रमाणे ती टाचणी पुढे सरकवायची, एवढंच तिचं चालणं.

गुरुवारी दुपारी दोनला टाचणी नदीपाशी आली. त्याच वेळी तिला वाटलं, ओंडका नाहीये. वाहून गेलाय. वरच्या अंगाला जायला हवं, जिथे पाणी दोन दगडांत दुभंगतं. तिनं नकाशावर वाकून पाहिलं. नकाशात तसे दगड दाखवलेले नव्हते. तिच्या नाकात चिरडलेल्या ओल्या पानांचा उग्र वास होता. घरात असं काही नव्हतं. कोथिंबीरसुद्धा संपली होती.

रात्री पाय धुताना पोटऱ्यांवर बारीक लाल ओरखडे दिसले. सुलेखाच्या खेळण्यांचे असतील.

शुक्रवारी दाराच्या फटीतून टपाल पडलं. वाणसामानाची जाहिरात, फोनचं बिल, आणि निळं विमानपत्र. साताऱ्याच्या मावशीचं. जुलैत कांचननं तिला सगळं लिहिलं होतं, जायचं राहिलं तेही आणि दगड द्यायचं ठरवलंय तेही, थोडं हसतच. मावशीनं चार ओळी विनीताच्या बाळंतपणाबद्दल, दोन ओळी लोणच्याबद्दल लिहिल्या होत्या, आणि कडेला जागा उरली तिथे आडवं:

"तिघांबरोबर दगड देणार आहेस ते बरं. आपल्या उंबऱ्याजवळचा घे, तिकडचा नको. आणि तो दगडच राहू दे. त्याला नाव देऊ नये. आपल्यात देत नाहीत. बाकी भेटीअंती."

कांचननं पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं. भेटीअंती. मावशी साताऱ्यात, ही इथे.

संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस नकाशापुढे हात फिरवत होता. रविवारी येणारं वादळ एक दिवस आधी येतंय. पर्वतांत शनिवारी सहाच्या सुमाराला.

शनिवार. सहा वाजता. पांढऱ्या कार्डाप्रमाणे सहा वाजता तिघं सुळक्याच्या वरच्या भागात, एका दोरावर, उतरायला नुकती सुरुवात केलेली. तिथे रेडिओ पोचत नव्हता. तळावरून पायथ्याकडे जाताना आकाश निळंच दिसणार होतं. चारूचं प्रॉमिस हवा बिघडलेली दिसली तर होतं. न दिसली तर काय, हे कुठल्याच कार्डावर नव्हतं.

तिनं चौकीला फोन लावला. बाई सभ्यपणे म्हणाली, दीड दिवसाच्या वाटेवर आत्ता कोणाला पाठवणार? आणि तुमची पार्टी चारजणांची आहे ना, अनुभवी दिसतेय. काळजी करू नका.

"तीन," कांचन म्हणायला गेली. म्हणाली नाही.

शनिवारी सुलेखा कार्टून बघायला पहाटेच उठली. कांचननं तिला दूध दिलं आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली. सातला टाचणी भिंतीच्या पायथ्याशी लावली.

तिच्या बोटांना गारठा लागला.

रात्रभर थंडीत राहिलेल्या कातळाचा गारठा निराळा असतो. पाच वर्षांनी तो तिनं लगेच ओळखला. तिनं हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. हात नकाशावरच राहिला. उठायला गेली. पायांना मुंग्या आल्या नव्हत्या, दुखत नव्हते. पाय होते, पण हलवायची गोष्ट नव्हते, जसं टेबल असतं, जशी भिंत असते.

ताप असेल, तिनं स्वतःला सांगितलं. अशक्तपणा. रात्रभर झोप नाही.

"आई, सीरिअल."

ओठ हलले नाहीत.

सुलेखानं थोडा वेळ वाट पाहिली. मग खुर्ची ओढत कपाटाशी नेली, डबा काढला, अर्धं जमिनीवर सांडलं. शहाणी पोर, सांडलेलं वेचून पुन्हा वाडग्यात टाकलं. कांचनला सगळं दिसत होतं, बाजूनं, पाण्याखालून दिसावं तसं. त्याच वेळी तिचा उजवा पाय एका बोटभर कपारीत रुतला होता, दोर कमरेपासून खाली डगकडे गेला होता, आणि डोक्यावर वीस फुटांवर चारू ओरडत होता, "पकड चांगली आहे! ये!"

ती गेली.

दोराची दुसरी लांबी. तिसरी. दोन दोर, प्रत्येकावर दोघं. पिवळं कार्ड तिला पाठ होतं, आणि वेळ मिनिटामिनिटानं जुळत होती. पाचव्या लांबीला चिमणी, म्हणजे दोन कातळांमधली उभी फट लागली, पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, आणि खाली हजार फूट हवा. तिचं शरीर पाच वर्षांत काही विसरलं नव्हतं. बाळंतपण विसरलं होतं. पाठदुखी विसरलं होतं. पश्चिमेला आकाशाच्या कडेला एक पांढरी रेघ होती. ती एकटीनंच पाहिली, आणि ओरडली, "चारू, हवा येतेय! थांबू नका, माथा गाठा!"

"आई." सुलेखानं तिची बाही ओढली. "आई, उठ ना."

पोरीनं दोन्ही हातांनी खुर्ची ओढून पाहिली. खुर्ची तसूभर हलली नाही. मग तिनं आपलं ब्लँकेट आणून कांचनच्या मांडीवर टाकलं आणि गालाला गाल लावला.

"यू आर सो कोल्ड, आई."

तो गाल तिला लागत होता. ऊब लागत होती. जॅमचा वास येत होता. हे सगळं सोडून जाण्यासारखं जगात काही नाही, हे तिला ठाऊक होतं.

वर ऊन होतं. माथा चार लांबी उरला होता.

"आई. आई. आई."

आणि कांचनच्या मनात आलं, स्वच्छ, स्वतःच्याच आवाजात:

आत्ता नको.

सुलेखानं हाका मारणं थांबवलं. खाली बसून खुर्चीच्या पायाला टेकली.

एकला माथा.

दोनला उतरायला सुरुवात.

चारला वारा.

पाचच्या ठोक्याला तिच्या हातातली पेन्सिल गळून पडली, आणि ती इतक्या जोरानं श्वास घेऊन उठली की खुर्ची मागे उलटली. सुलेखा गालिच्यावर, ब्लँकेटच्या कोपऱ्यावर डोकं ठेवून झोपली होती, गालावर सुकलेले ओघळ. कांचननं तिला छातीशी धरलं, पापे घेतले, माफी मागितली, दूध गरम केलं, वरणभात मऊ करून भरवला. सुलेखा जेवताना तिच्याकडे टक लावून बघत होती.

सहाला खिडकीवर पाऊस आपटला.

पिवळं कार्ड तिनं ज्या खणात टाकलं होतं, तो खण तिनं उघडला. कार्ड नव्हतं.

रविवारी तीन वाजता चौकीतून फोन आला, तीच बाई. पार्टी सुखरूप उतरली, दोन-चाळीसला वहीत सह्या केल्या. "चौघांच्याही," ती म्हणाली. कांचननं आभार मानले आणि भिंतीला टेकून खाली बसली. चारू जिवंत होता. त्यापुढचं काही तिनं विचारलं नाही.

सातच्या सुमारास गाडी दारात आली. दारं आपटली, सॅका पडल्या. सुलेखा धावत गेली. चारू दाढी वाढलेला, नाक सोललेला, तिला खांद्यावर घेऊन आत आला आणि कांचनकडे बघून हसला.

"गाडी थांबतेय न थांबतेय तोच उतरून पळालीस! लेकीला भेटायची एवढी घाई? निदान आपली सॅक तरी घ्यायची."

कांचन ओट्याला धरून उभी राहिली.

"वहिनी," दारातून श्रीरंग म्हणाला, "पाया पडतो तुमच्या. तुम्ही दुसऱ्या दोरावर नसतात ना, तर आम्ही वरच गोठलो असतो. आणि ती चिमणी! यार, चारू, काय चढली ही!" मागे उभ्या असलेल्या डगनं टोपी काढली आणि आपल्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस म्हणून तिचे आभार मानले.

"दगड," कांचन म्हणाली. "सॅकच्या वरच्या कप्प्यात मी दगड दिला होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कसला दगड?" चारू हसला. "चौघं असताना दगड कशाला नेऊ? दमलीयस तू. हे घे तुझं कार्ड. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

त्यानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं कार्ड काढून दिलं. पिवळं. प्रत्येक वेळेपुढे पेन्सिलीनं खूण केलेली. पाचव्या लांबीपुढे एक ओळ होती, तिच्याच अक्षरात, देवनागरीत, घाईघाईत: खाली कोणीतरी हाका मारतंय, आत्ता नको.

"आणि सुलभाकाकूंना फोन कर हं," चारू बूट सोडता सोडता म्हणाला. "चार दिवस पोर सांभाळली बिचारीनं. गेल्या का त्या?"

श्रीरंग आणि डग निघाले. चारू आंघोळीला गेला आणि नळाचा आवाज सुरू झाला.

सुलेखा टेबलाखालून बाहेर आली. कांचनचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटा केला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती, खरखरीत कातळावर सोलते तशी, आणि जखमांत राखाडी कचकच होती. सुलेखानं त्यावर फुंकर घातली. आई तिला लागलं की घालते तशी.

"काकू आलीच नव्हती," ती हळूच म्हणाली.

"हो गं राणी."

"तू बाबाबरोबर वर होतीस."

कांचननं तो हात मुठीत मिटला.

सुलेखानं कालपासून तशीच उलटी पडलेली ती खुर्ची बघितली. मग आईकडे बघितलं, नीट, अगदी जवळून, जणू मोजत होती.

"आई, मग माझ्याजवळ कोण बसलं होतं?"